नाचणाऱ्याची साक्ष : इटालियन नृत्यगीतांच्या निमित्ताने

संत ऑगस्टीन यांच्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या दहाव्या भागात एक विलक्षण कबुली आहे. उपासनेच्या वेळी गायल्या जाणाऱ्या स्तोत्राच्या विषयापेक्षा त्याचे गायनच आपल्याला अधिक हलवून जाते, असे जेव्हा जेव्हा घडते तेव्हा आपल्या हातून पाप घडले असे ते मानतात. अशा वेळी गाणारा आपल्या कानी पडला नसता तर बरे झाले असते, असेही त्यांना वाटते. ही कबुली देणारा मनुष्य संगीताचा वैरी नव्हता. इ. स. ३८७ मध्ये मिलान येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्या नगरीत बिशप अँब्रोज यांच्या प्रेरणेने रूढ झालेले सामुदायिक स्तोत्रगायन ऐकून आपल्याला अश्रू आवरले नाहीत, असे त्यांनी त्याच ग्रंथाच्या नवव्या भागात नमूद केले आहे. त्यांची अडचण रसिकाची अडचण आहे. लय आणि सूर यांनी भारावलेले मन शब्दाला मागे टाकून पुढे निघून जाते, हे त्यांनी स्वानुभवाने जाणले होते. मात्र या अडचणीमागे एक गृहीत आहे व ते सहसा लक्षात येत नाही. मिलानमधली स्तोत्रे लॅटिनमध्ये होती आणि गाणाऱ्यांना लॅटिन समजत होती. ज्याला गीताची भाषाच कळत नाही त्याच्यापुढे गीत आणि गीताचा विषय यांतून निवड करण्याचा प्रसंगच येत नाही. ऑगस्टीन यांच्या अर्थाने तो पापी होऊच शकत नाही.

त्याच मिलानमध्ये विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत नृत्यसंगीताच्या निर्मितीचे एक मोठे केंद्र उभे राहिले. साहित्यविचाराला वाहिलेल्या नियतकालिकात डिस्कोची चर्चा काही वाचकांना अस्थानी वाटण्याचा संभव आहे. परंतु इटालियन नृत्यसंगीताच्या इतिहासात, कोणी मुद्दाम न योजता, भाषेसंबंधीचा एक प्रयोग घडून आला आहे. जगाचा अंत हा एकच विषय एकदा नाचणाऱ्यांना धड न कळणाऱ्या भाषेत आणि सुमारे चाळीस वर्षांनी त्यांच्या मातृभाषेत नृत्याच्या तालावर मांडला गेला. दोन्ही वेळा लोक नाचले. शब्द कळल्यानंतरही नाचणे थांबत नसेल, तर कळण्याला नैतिक अर्थ काय उरतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या संगीताने प्रारंभी परभाषेचा आश्रय घेतला त्याचे उघड कारण बाजारपेठेचे होते. ही गीते देशाबाहेर विकायची होती; 'इटालो डिस्को' हे नावही १९८३ च्या सुमारास झेडवायएक्स या जर्मन कंपनीने आपल्या संकलनांमधून रूढ केले. दुसरे कारण छंदाचे आहे, आणि समीक्षकाला ते अधिक मोलाचे वाटावे. इटालियनमधील बहुतेक शब्द स्वरान्त असतात व त्यांचा आघात उपान्त्य अक्षरावर पडतो. चार सारखे ठोके देणाऱ्या डिस्कोच्या तालाला ओळीच्या अखेरीस ठाम आघात हवा असतो. इटालियन ओळ मात्र आघातानंतरचे एक अक्षर हळूच खाली ठेवून संपते. ऑपेराच्या संहिताकारांनी अन्त्य स्वर गाळून 'अमोरे'चे 'अमोर' आणि 'कुओरे'चे 'कुओर' केले. आजच्या गीतकाराला ही सवलत जुनाट वाटते. त्याच्या हाती मग अन्त्य अक्षरावर आघात घेणारे थोडेच शब्द उरतात, आणि त्यांत मोठा वाटा भविष्यकाळाच्या क्रियापदांचा असतो. इटालियन गीतांतून आश्वासनांची आणि भाकितांची जी रेलचेल आढळते तिच्यामागे प्रेमाइतकाच छंदःशास्त्राचाही हात असावा, अशी मला शंका आहे. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

इंग्रजी हा या अडचणीवरचा सोपा उतारा होता. त्या इंग्रजीचे अर्थाशी नाते किती पातळ होते हे आद्रिआनो चेलेन्तानो यांनी १९७२ मध्येच एका गीतातून उघडकीस आणले होते. 'प्रिझेन्कोलिनेन्सिनाइन्चिउझोल' या त्याच्या शीर्षकाप्रमाणेच त्यातले जवळजवळ सगळे शब्द निरर्थक आहेत. ते केवळ अमेरिकन इंग्रजीसारखे ऐकू येतात. चिन्हित गळून पडले आहे आणि चिन्हक आपल्या परदेशी डौलावर उभे आहे. पुढल्या दशकात 'डेन हॅरो' या नावाचा एक तारा चमकला. इटालियन कानाला हे नाव 'देनारो', म्हणजे पैसा, असे ऐकू येते. रंगमंचावर दिसणारा माणूस एक होता आणि ध्वनिमुद्रणातला आवाज दुसऱ्याचा. चेहरा, आवाज, भाषा आणि अर्थ यांपैकी कोणाचाच कोणाशी करार नव्हता. अशा गीतावर नाचणाऱ्याला जाब विचारणे निरर्थक आहे, कारण त्याच्यापुढे काही ठेवलेच गेलेले नाही.

आता प्रयोगाच्या पहिल्या भागाकडे वळू. तोरिनोच्या 'रिगेइरा' या जोडगोळीने १९८३ च्या उन्हाळ्यात 'वामोस आ ला प्लाया' हे गीत आणले. भाषा स्पॅनिश. 'चला समुद्रकिनारी' हा शीर्षकाचा अर्थ इटालियन माणसाला अंदाजाने कळतो, आणि तेवढा कळला की पुढचे ऐकण्याची गरज उरत नाही. पुढे मात्र बॉम्ब पडलेला आहे. किरणोत्साराने कातडीचा रंग बदलतो आहे, वारा किरणोत्सारी आहे, समुद्र एकदाचा स्वच्छ झाला आहे, कारण त्यात आता मासे उरलेले नाहीत. त्याच वर्षी सिसिलीतील कोमिझो येथे अमेरिकन क्रूझ क्षेपणास्त्रे आणून ठेवण्याच्या निर्णयाविरुद्ध निदर्शने चालू होती. म्हणजे विषय कवीच्या कल्पनेतला नव्हता. युरोपने ते गीत सुट्टीचे गाणे म्हणून स्वीकारले, आणि आजही ते तसेच वाजते. येथे फसवणूक झाली असे म्हणता येत नाही, कारण सर्व काही उघड गायले गेले होते. नाचणारा अज्ञानी होता असेही पुरते म्हणता येत नाही. स्पॅनिश ही इटालियनची भगिनीभाषा; जरा कान दिला असता तर अर्थ हाती आला असता. अर्धवट कळणारी भाषा या दृष्टीने सर्वांत सोयीची: हवे तेवढे कळते, नको ते परकेपणात झाकून जाते.

मातृभाषेतील नृत्यगीताला परंपरा नव्हती असे नाही. राफाएल्ला कर्रा यांचे १९७६ चे 'आ फार लामोरे कोमिंचा तू' हे गीत इटालियनमध्ये आहे, आणि प्रणयात पुढाकार स्त्रीने घ्यावा असे ते निःसंकोचपणे सांगते. सरकारी दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोचलेल्या गायिकेने हे घरच्या भाषेत सांगणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तेच शब्द इंग्रजीत असते तर कोणाच्या कपाळाला आठी पडली नसती. पुढे बॉब सिन्क्लार यांनी २०११ मध्ये या गीताला नवा ताल दिला, आणि त्या रूपात ते पाओलो सोर्रेन्तीनो यांच्या 'ला ग्रान्दे बेल्लेत्सा' (२०१३) या चित्रपटाच्या आरंभीच्या मेजवानीत वाजते. रोमच्या गच्चीवर थकलेली, श्रीमंत माणसे त्यावर नाचतात. शब्द तेच, पण सल्ला ऐकण्यासारखे त्या गच्चीवर कोणी उरलेले नाही. शब्द कळणे ही एकदाच घडून कायम राहणारी घटना नव्हे, एवढे यावरून ध्यानात यावे.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून इटलीतील लोकप्रिय संगीताच्या याद्यांत इटालियन भाषेतील गीतांचे प्राबल्य वाढत गेले आणि नृत्यसंगीतही स्वभाषेकडे वळले. कोस्मो यांच्या रचना, आन्नालिझा यांची २०२२ नंतरची गीते, नेपल्सची बोली वापरणारा 'नू जेनेआ' हा संच, अशी नावे सहज सांगता येतील. त्यांच्या गुणावगुणांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. सान्रेमो गीतमहोत्सवातील २०१७ च्या विजेत्या गीताकडे मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण त्यात आपल्याकडचा एक शब्द अडकला आहे. फ्रांचेस्को गाब्बानी यांच्या 'ओच्चिदेन्तालीझ कार्मा' या गीताचा विषय पाश्चात्त्यांनी मांडलेला पौर्वात्य अध्यात्माचा बाजार हा आहे. रंगमंचावर गायकाबरोबर गोरिलाच्या वेषातील नर्तक नाचत होता. हा संकेत डेझमंड मॉरिस यांच्या 'द नेकेड एप' (१९६७) या पुस्तकाकडे होता. (आपण 'कर्म माझे' म्हणून कपाळावर हात मारतो तेव्हा त्यात जेवढे तत्त्वज्ञान असते तेवढेच याही गीतात आहे, असे एखादा मराठी वाचक म्हणेल, आणि त्याचे फारसे चुकणार नाही.) उपरोध स्पष्ट आहे, शब्द कळणारे आहेत, आणि तरी ज्या वर्गाची थट्टा त्यात केली आहे त्याच वर्गाने ते डोक्यावर घेतले. याचे कारण मला व्याकरणात दिसते. गीत तृतीय पुरुषात आहे. 'ते पाश्चात्त्य' म्हणताना गाणारा, ऐकणारा आणि नाचणारा असे तिघेही सुटतात. उपरोधाला लक्ष्य लागते, आणि नाचणारा स्वतःला कधीच लक्ष्य समजत नाही.

'ला राप्प्रेझेन्तान्ते दि लिस्ता' या संचाच्या 'चाओ चाओ' या गीतात ही सुटका नाही. वेरोनिका लुक्केसी आणि दारिओ मांजाराचिना यांनी २०११ मध्ये पालेर्मो येथे हा संच सुरू केला. २०२२ मध्ये १ ते ५ फेब्रुवारी या काळात झालेल्या सान्रेमो महोत्सवात हे गीत सादर झाले. प्रेक्षागृह भरलेले होते, परंतु प्रत्येकाच्या तोंडावर मुखपट्टी होती. क्रम सातवा लागला. गीताच्या प्रारंभी एका मुलीची विचारपूस आहे आणि लगेच सर्वत्र पसरलेल्या भीतीचा उल्लेख आहे. बोलणारी स्त्री भग्नावशेषांवर उभी असलेली राणी आहे व काय वाचवावे हे तिला कळत नाही. जगाच्या अंताला जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या चक्राची उपमा येते. पृथ्वीच्या नाहीशा होण्याची, स्फोट होण्याची क्रियापदे भविष्यकाळी आहेत. मघाशी सांगितलेली छंदाची अडचण येथे भाकितकाराच्या कामी आली आहे. तालाला हवा असलेला अन्त्य आघात आणि प्रलयाचे भाकीत एकाच अक्षरावर येऊन मिळतात. मग ध्रुवपद येते, आणि त्यात शरीराचे एकेक अवयव घेऊन निरोप दिला जातो: हातांनी, पायांनी, डोक्याने, छातीने, पार्श्वभागानेसुद्धा.

या ध्रुवपदाची विभक्ती लक्षात घेण्यासारखी आहे. आपण जिला तृतीया म्हणतो तिचे काम इटालियनमध्ये 'कोन' हे अव्यय करते, आणि येथे ते प्रत्येक अवयवाआधी येते. निरोप हे कर्म आहे, अवयव हे करण आहे आणि कर्ता 'मी' आहे. ध्रुवपद गाताना हात हलवणारा माणूस त्या वाक्याची साथ करत नाही, ते वाक्यच पार पाडतो. ऑगस्टीन यांच्या मापात गीत एका पारड्यात आणि गीताचा विषय दुसऱ्या पारड्यात असतो. कोणते जड झाले हे पाहून पाप ठरते. येथे दोन पारडी उरतच नाहीत, कारण विषय निरोपाचा आहे आणि हलणारा हात हाच निरोप आहे. लय शब्दाला मागे टाकून पुढे गेली असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

निरोपाचा हा शब्दही साधा नाही. 'चाओ' हा व्हेनिसच्या बोलीतील 'दास' या अर्थाच्या शब्दापासून आलेला. 'मी आपला दास' या नम्रतेच्या वचनाचे ते झिजून उरलेले रूप. जुन्या मराठी पत्रांच्या अखेरीस दास आणि सेवक असतच, तेव्हा आपल्याला हे नवे वाटू नये. एकटा 'चाओ' भेटतानाही चालतो आणि निघतानाही. तो दोनदा उच्चारला की सहसा निरोपच असतो. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि त्यामागे अशुभाची भीती असते. 'चाओ चाओ' हे ती भीती बाजूला सारून केलेले जाणे आहे, परंतु त्याच्या पोटात भेटीचा शब्द तसाच राहिलेला आहे.

महोत्सवाचा समारोप ५ फेब्रुवारीला झाला आणि २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. अण्वस्त्रांचा विषय युरोपच्या बातम्यांत परत आला. गीत वसंतात आणि उन्हाळ्यात वाजत राहिले. १९८३ च्या नर्तकापाशी भाषेचा आडपडदा होता. २०२२ च्या नर्तकापाशी तो नव्हता, आणि गीताचा विषय त्याला सकाळच्या बातम्यांतही भेटत होता.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. जे. एल. ऑस्टिन यांनी कृतिरूप उक्तींचा सिद्धान्त मांडताना (त्यांची व्याख्याने १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आली) रंगमंचावरच्या आणि कवितेतल्या उक्ती बाजूला ठेवल्या होत्या. नटाने नाटकात दिलेले वचन कोणावर बंधनकारक होत नाही, तसा नृत्यगृहात दिलेला निरोपही पोकळ असतो, असे ऑस्टिनवादी म्हणेल. जाक देरिदा यांचे त्यावरचे उत्तर परिचित आहे: कोणतीही उक्ती परत परत उच्चारता येणारी असल्याशिवाय कृतिरूप होऊच शकत नाही, आणि जे परत उच्चारता येते ते पोकळ होण्याच्या शक्यतेपासून मुक्त नसते. या वादात मी सामान्यतः देरिदांच्या बाजूचा आहे. परंतु प्रस्तुत संदर्भात त्यांचे उत्तर फार स्वस्त पडते. रिगेइरांच्याच दुसऱ्या एका गीताचे उदाहरण पाहा. १९८५ चे 'लेस्ताते स्ता फिनेन्दो' हे इटालियन गीत उन्हाळा सरल्याचे आणि वय वाढल्याचे आहे. त्याची चाल नेपल्सच्या फुटबॉलप्रेमींनी उचलली व २०१८ मध्ये ती लिव्हरपूलच्या प्रेक्षकांच्या तोंडी होती. शब्द पूर्णपणे बदललेले; उदासी गेली, जयघोष राहिला. पुनरुच्चारक्षमतेचे याहून ठळक उदाहरण मिळणार नाही. पण म्हणूनच विचारावेसे वाटते, की प्रत्येक उक्ती परत उच्चारता येते एवढे कळल्याने कोणती उक्ती अजून रिती झालेली नाही हे कसे कळणार? सिद्धान्त शक्यतेबद्दल बोलतो आणि नैतिक प्रश्न एखाद्या संध्याकाळचा असतो.

दुसरा आक्षेप इटलीतूनच आलेला आहे आणि तो जुना आहे. तोरिनोमध्ये १९५८ च्या सुमारास 'कान्ताक्रोनाके' नावाचा एक गट काम करू लागला. सेर्जो लिबेरोविची, मिकेले स्त्रानिएरो आदी मंडळी त्यात होती; इतालो काल्व्हीनो यांनी त्यांच्यासाठी गीते लिहिली. लोकांना पलायनाची गीते पुरवणाऱ्या उद्योगाविरुद्ध उभे राहून त्या पलायनातूनच पळ काढावा, असा त्यांच्या घोषवाक्याचा आशय होता. युद्धविरोधी गीते त्यांनी ऐकण्यासाठी रचली, नाचण्यासाठी नव्हे. त्यांच्यापैकी चौघांच्या १९६४ च्या पुस्तकाचे शीर्षकच 'अपराधी विवेकाची गीते' अशा अर्थाचे आहे, आणि त्याला प्रस्तावना उंबेर्तो एको यांची आहे. एकोंनी उद्योगावरची टीका मान्य केली. परंतु लोकप्रिय गीत ज्या गरजा भागवते त्या गरजा खोट्या आहेत असे म्हणण्याचा मोह त्यांनी टाळला. त्याच वर्षीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी जनसंस्कृतीच्या भाष्यकारांची 'प्रलयवादी' आणि 'सामावलेले' अशी विभागणी केली. प्रलयवादी म्हणजे जनसंस्कृतीत संस्कृतीचा अंत पाहणारे, आणि सामावलेले म्हणजे तिच्यात सुखाने नांदणारे. ही विभागणी 'चाओ चाओ'पुढे चमत्कारिक रीतीने कोसळते. येथे सर्वांत सामावलेल्या रंगमंचावर उभे राहून जनसंस्कृतीच प्रलयाची भाषा बोलते आहे. आणि कान्ताक्रोनाकेंच्या गंभीर गीतांहून अधिक माणसांच्या पायांपर्यंत बॉम्बचा विषय पोचवला तो त्यांच्याच शहरातल्या रिगेइरांनी. डोक्यांपर्यंत पोचला की नाही हा वेगळा प्रश्न.

आक्षेप मात्र उरतोच: जे भयंकर आहे ते नाचण्याजोगे करणे हा त्या भयंकराशी केलेला समझोता नव्हे काय? याचे उत्तर शोधताना मला सौंदर्यशास्त्रापेक्षा मानववंशशास्त्राचा अधिक उपयोग झाला. (मराठी सौंदर्यविचारात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांचा जो दीर्घ वाद झाला त्यात नाचणाऱ्या शरीराला फारसे स्थान मिळाले नाही, ही त्या वादाची उणीवच म्हटली पाहिजे.) एर्नेस्तो दे मार्तीनो यांनी १९५९ च्या उन्हाळ्यात संगीताभ्यासक दिएगो कार्पितेल्ला आणि इतर सहकाऱ्यांसह इटलीच्या दक्षिण टोकाच्या सालेंतो भागात 'तारान्तिस्मो'चा अभ्यास केला. कोळ्याचा दंश झाला असे मानणाऱ्या, बहुतांशी शेतकरी असलेल्या स्त्रिया तंबोरिनच्या आणि व्हायोलिनच्या तालावर तासन् तास, कधी कधी दिवसेंदिवस नाचत. जूनच्या अखेरीस संत पॉलच्या सणाला त्या गालातीनाच्या प्रार्थनामंदिरात जात. कृपा झाली असे वाटले की नाच संपे. दंश मात्र बहुधा पुढच्या वर्षी त्याच दिवसांत परत येई. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या शीर्षकात दे मार्तीनो यांनी 'रिमोर्सो' हा शब्द योजला आहे. इटालियनमध्ये त्याचा अर्थ पश्चात्ताप, आणि शब्द फोडून वाचला तर 'पुन्हा दंश'. जे पूर्वी नीट निस्तरले गेले नाही ते परत येऊन चावते, आणि नाच ही त्याला दिलेली मुदतबंद जागा. या नृत्याला पलायन म्हणणे कठीण आहे. नाचणारी स्त्री आपल्या संकटाकडे जात होती, मात्र एकटी जात नव्हती. वादक होते, त्यांना पैसे मोजावे लागत, शेजारी होते, सुरुवात होती आणि शेवट होता.

दे मार्तीनो यांनी मृत्यूपूर्वी, म्हणजे १९६५ पर्यंत, ज्या ग्रंथासाठी टिपणे केली तो 'ला फिने देल मोन्दो' ('जगाचा अंत') १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. धार्मिक आणि क्रांतिकारी परंपरांतील प्रलयकल्पनांना पलीकडचा किनारा असतो, आधुनिक पाश्चात्त्य मध्यमवर्गाच्या प्रलयभावनेला तो नसतो, अशी महत्त्वाची विभागणी त्यात आहे. 'चाओ चाओ'तील अंत या दुसऱ्या प्रकारचा आहे. त्यात स्वर्ग नाही, नवे जग नाही. दुकानांच्या काचा फोडण्याचा एक सामुदायिक आवेश तेवढा मध्येच येऊन जातो. आणि सालेंतोतल्या नृत्याला जो शेवट होता तो या नृत्याला नाही. गीत तीन साडेतीन मिनिटांत संपते, परंतु नृत्यगृहात गीत संपू दिले जात नाही. एकाच्या तालात दुसऱ्याचा ताल मिसळून रात्र अखंड ठेवणे हेच तेथल्या वादकाचे कौशल्य. निरोप दिला जातो आणि कोणीही जात नाही. माझा आक्षेप असेल तर तो येथे आहे. विषय हलका केला याबद्दल माझी तक्रार नाही.

हलकेपणाबद्दल एक उदाहरण देऊन ठेवतो. इटालियनमध्ये लोकप्रिय संगीताला 'मूझिका लेज्जेरा', म्हणजे हलके संगीत, असे म्हणतात. आकाशवाणीने आपल्याकडे ज्याला सुगम संगीत म्हटले त्याचे इंग्रजी नाव याच अर्थाचे होते. सिसिलीच्या कोलापेशे आणि दिमार्तीनो यांनी मार्च २०२१ मध्ये, महासाथीमुळे रिकाम्या ठेवलेल्या सान्रेमोच्या प्रेक्षागृहापुढे, 'मूझिका लेज्जेरिस्सिमा' हे डिस्कोच्या वळणाचे गीत गायले. शीर्षकात विशेषणाची तमभावाची पायरी आहे. काहीच नकोसे झालेला माणूस अत्यंत हलके संगीत लावायला सांगतो, कारण पाऊलभर अंतरावर काळोखी पोकळी आहे. ती पोकळी 'आपल्यापासून' पाऊलभर अंतरावर आहे असे तो म्हणतो, आणि त्या 'आपल्या'ला लगेच 'थोडेफार' अशा अर्थाची मुरड घालतो. काल्व्हीनो यांनी आयुष्याच्या अखेरीस हार्वर्डसाठी लिहिलेल्या व्याख्यानांतले पहिले हलकेपणावर आहे. जडत्व पूर्ण ठाऊक असणाऱ्याचा हलकेपणा त्यांना अभिप्रेत होता. तरुणपणी कान्ताक्रोनाकेंसाठी गीते लिहिणारा हाच लेखक. या गीतात तो हलकेपणा आहे असे मला वाटते. त्याला नैतिक म्हणावे की नाही याबद्दल मी साशंक आहे, पण अप्रामाणिक म्हणता येणार नाही.

तेव्हा कळण्याने काय साधले? नाचणे थांबले नाही, कृतीही घडली नाही. मात्र मातृभाषेतल्या गीतावर नाचणाऱ्याने एक सोय गमावली आहे. १९८३ चा नर्तक आज विचारले असता 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणू शकतो, आणि ते निम्मे खरे असते. २०२२ च्या नर्तकाला ते म्हणता येणार नाही. आपल्या हातांनी आणि पायांनी त्याने कशाचा निरोप घेतला हे त्याला ठाऊक होते. तो साक्षीदार आहे. साक्षीदार असणे हे पुण्य नव्हे, ऑगस्टीन यांच्या अर्थाने ते कदाचित अधिक गंभीर पाप असेल. पण अपराधाचा प्रश्न विचारता यावा यासाठी निदान एवढे घडावे लागते, आणि परभाषेतल्या डिस्कोने ते घडू दिले नव्हते. ही साक्ष कोणापुढे द्यायची, हा प्रश्न येथे अनुत्तरित राहतो हे मला मान्य आहे. सालेंतोतल्या स्त्रीसाठी संत पॉल होते आणि कृपा झाली की नाही हे पाहण्यासाठी शेजारीपाजारी ताटकळत असत.

तो दंश आता कोणाला होत नाही. संगीत मात्र राहिले. १९९८ पासून दर वर्षी सालेंतोमध्ये 'ला नोत्ते देल्ला तारान्ता' हा महोत्सव भरतो, आणि ऑगस्टच्या अखेरीस मेल्पिन्यानो या लहानशा गावात प्रचंड जनसमुदाय त्याच तालावर रात्रभर नाचतो. तेथे शब्द बोलीतले आहेत, नाचणाऱ्यांपैकी अनेकांना ते कळत नाहीत, आणि कळले तरी आता बिघडत नाही, कारण नाचातून ज्या दुखण्याचा उपाय व्हायचा ते दुखणेच गेले आहे. 'चाओ चाओ'ची स्थिती अजून तरी याच्या उलट आहे.